आरोपी क्रमांक अकरा आणि त्याचं कुटुंब

बायको काय करते असं कुणी विचारलं, की आमचे हे चेहरा गंभीर करून सांगायचे, "लोकांचं चारित्र्य तपासते." समोरचा माणूस नकळत शर्टाचं वरचं बटण लावायचा. मग हे हळूच पुढे जोडायचे, "आणि लघवीसुद्धा."

दोन्ही गोष्टी खोट्या. मी काहीच तपासत नव्हते. तपासणारे वेगळे, मी त्यांच्याकडे माणसं पाठवणारी. नवी मुंबईत सीवूड्स स्टेशनसमोरच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. परदेशात नोकरीला, कायमचं राहायला जाऊ पाहणाऱ्यांचे अर्ज आम्ही भरायचो. नर्स, वेल्डर, सुतार, आचारी, संगणकवाले, हातात कसब असलेली सगळी माणसं. शिक्षण आणि अनुभव बघायला दुसरी टेबलं होती. माझ्या टेबलावर अर्जाचा शेवटचा भाग यायचा, तब्येत आणि चारित्र्य. म्हणजे हा माणूस तिकडे गेल्यावर खोकणार नाही आणि मारामारी करणार नाही, एवढी खात्री त्या देशाला द्यायची. बावीस वर्षं मी हेच केलं आणि गेल्या वर्षी रिटायर झाले.

तब्येतीची तपासणी कुठल्याही डॉक्टरकडे चालत नाही. त्या देशाने नेमलेले डॉक्टर असतात, त्यांच्याकडेच जायचं. उंची, वजन, डोळे, रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे. रिपोर्ट हातात देत नाहीत, थेट ऑनलाइन तिकडे जातो. त्यामुळे लोक जाम घाबरतात. एरवी डॉक्टरचं न ऐकणारी माणसं मला विचारायची, "मॅडम, आदल्या दिवशी काय खाऊ?" मी म्हणायचे, "रोज खाता तेच." कुणाचा विश्वास बसायचा नाही.

खारघरचे एक सॉफ्टवेअरवाले होते. त्यांनी डोळे तपासायच्या तक्त्याचा फोटो कुठून तरी मिळवला आणि सगळा तक्ता पाठ केला. क्लिनिकमध्ये नर्सबाई म्हणाल्या, "खालून दुसरी ओळ." यांनी खडाखड अक्षरं म्हणून दाखवली. बाई म्हणाल्या, "छान. आता मी तक्त्यामागचा दिवा लावते, मग परत वाचा." गंमत म्हणजे चष्मा लावून वाचायला पूर्ण परवानगी होती, आणि चष्म्यातून त्यांना उत्तम दिसत होतं. माझ्यावरच चिडले. "हे आधी सांगायचं ना! पोरांना गप्प बसवून पाठांतर केलंय मी!"

चारित्र्याची गोष्ट आणखी न्यारी. पोलिसांचा दाखला लागतो. त्यासाठी अर्ज केला की आपल्या भागातल्या पोलीस स्टेशनमधून चौकशी होते. रेकॉर्ड बघतात, कधी घरी येतात, शेजाऱ्यांना विचारतात. नेरूळच्या एका सोसायटीतल्या इंजिनिअरचं खालच्या मजल्यावरच्या काकांशी सात वर्षं भांडण. याच्या एसीचं पाणी त्यांच्या बाल्कनीत पडायचं. हवालदार नेमके त्याच काकांकडे गेले. इंजिनिअर घाम पुसत माझ्या टेबलासमोर बसला होता, आता काका काय सांगणार म्हणून. काकांनी हवालदारांना चहा दिला आणि म्हणाले, "असा सज्जन मुलगा मी पाहिला नाही. त्याला लवकर जाऊ द्या. हवं तर आणखी दोघांच्या सह्या आणून देतो." आणलेल्याही, शेजारच्या दोन बाल्कन्यांच्या.

असे किस्से पुष्कळ. पण मला विचाराल तर बावीस वर्षांत माझ्या हातून एक मोठी चूक झाली, आणि ती ज्या कुटुंबाच्या बाबतीत झाली ते मी विसरणं शक्य नाही.

जयवंत करावे गावचा. गाव आमच्या ऑफिसपासून चालत पंधरा मिनिटांवर. डिझेल मेकॅनिक. लहानपणी खाडीतल्या होड्यांची इंजिनं खोलत शिकला, मग डंपर आणि क्रेनच्या इंजिनांवर हात बसला. इंजिन चालू करून नुसता कान लावायचा आणि सांगायचा, तिसऱ्या सिलिंडरमध्ये गडबड आहे. ऑस्ट्रेलियाला अशा माणसांची गरज होती. कसबाची परीक्षा तो पहिल्या झटक्यात पास झाला होता. वय चौतीस. बायको मनाली, उरणजवळच्या मोऱ्याची, मच्छीमारांच्या घरातली, कमी बोलणारी. मुलगी पाच वर्षांची.

माझ्या टेबलावर अर्ज भरायला ते आले तेव्हा जयवंतची आई पण आली. पार्वतीबाय. साठीच्या पुढची, काटक, नऊवारी, डोक्यात अबोलीचा गजरा. पोरगा घर सोडून चाललाय तर कशावर सही करतोय ते बघायला आली होती. मी तिला खुर्ची दिली. तीच माझी चूक.

अर्जातले प्रश्न मी मराठीत वाचून दाखवायचे, उत्तर ऐकायचे, संगणकावर टिक करायचे. चांगलं काम करते असा माझा मला अभिमान. त्या दिवशी बाहेर पाच जण ताटकळलेले, म्हणून जरा घाईत होते.

"तुमच्यापैकी कुणाला कधी टीबी झालाय का?"

"आमच्या घरान? नाय गं बाय," पार्वतीबाय म्हणाली.

जयवंतने मान हलवली. मनालीने माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या स्टेपलरकडे पाहिलं, आणि म्हणाली, "नाही."

तिच्या 'नाही'च्या आधी एक थांबा होता. एवढी वर्षं लोकांची उत्तरं ऐकल्यावर थांबा ओळखता येतो. मला तो ओळखू आला. आणि मी 'नाही'वर टिक केली.

"कधी पोलीस केस, कोर्टात शिक्षा, दंड?"

"माझा पोरगा?" पार्वतीबाय खुर्चीतून अर्धी उठली. "पुऱ्या करावं गावान इचारा. कोनाच्या वाकऱ्यात जात नाय तो."

"नाही मॅडम," जयवंत म्हणाला. त्याच्या उत्तरात थांबा नव्हता. तेही 'नाही'. अर्ज गेला.

तीन आठवड्यांनी पोलीस स्टेशनमधून हवालदार घरतांचा फोन. आमची जुनी ओळख, कामाच्या निमित्तानेच. त्यांच्या आवाजात हसू दाबलेलं होतं.

"शैलाताई, तो तुमचा करावेचा मेकॅनिक. त्याचा दाखला अडकलाय. त्याच्यावर केस आहे."

"कसली केस?"

"जुनी आहे. तुम्ही इकडे या, फोनवर वाचून दाखवायला मला जमणार नाही."

गेले. पंधरा वर्षांपूर्वीची नोंद. रात्री रस्ता अडवून मोठ्या आवाजात वाद्यं वाजवल्याबद्दल वीस जणांवर गुन्हा. जयवंत आरोपी क्रमांक अकरा. घरतांनी बोट ठेवलं तिथे अस्सल पोलिसी मराठीत लिहिलं होतं, 'आरोपी क्रमांक अकरा याने तोंडात रुमाल धरून भर रस्त्यात पालथे पडून नागिणीप्रमाणे हालचाली करून वाहतुकीस अडथळा निर्माण केला.'

मी जयवंतला बोलावलं आणि विचारलं, केस का लपवलीस?

त्याला कळेचना. मी कागद दाखवला. त्याने वाचला आणि कळवळून म्हणाला, "मॅडम, ही केस नाय, ही हळद हाय! माझ्या मामेभावाची हळद!"

आमच्या इकडच्या गावांत हळद म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. लग्नापेक्षा हळदीला माणसं जास्त. त्या रात्री कुणाची तरी रुग्णवाहिका अडली होती म्हणून पोलीस आले. सगळ्यांना गाडीत घातलं. काही महिन्यांनी वीसही जण एकदमच कोर्टात गेले, गुन्हा कबूल केला, नवऱ्यामुलाच्या बापाने सगळ्यांचा दंड भरला, आणि बाहेर येऊन सगळ्यांनी मिसळ खाल्ली. जयवंतच्या आठवणीत मिसळ राहिली होती, कोर्ट नाही. करावे गावात कुणालाही विचारलं असतं तरी हेच सांगितलं असतं, की जयवंतवर केस? छे.

पण अर्जातला प्रश्न साधा होता आणि उत्तर चुकलं होतं. या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना पटत नाही. नाचून रस्ता अडवला, दंड भरला, याचं त्या देशाला फारसं काही वाटत नाही. पण विचारल्यावर 'नाही' म्हणालात आणि मागाहून 'हो' निघालं, तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो, आणि पुढे काही वर्षं दार बंद. चूक माफ होते, लपवणं होत नाही. त्यांच्या आधी आपण सांगितलं तर वाचायची आशा.

मी दुरुस्तीचा फॉर्म काढला. आपण आधी दिलेलं अमुक उत्तर चुकीचं होतं, खरं उत्तर हे, असं कळवायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी तो भरत बसले होते आणि मनाली एकटी आली. मुलगी शाळेत होती. ती खुर्चीवर बसली नाही.

"मॅडम, मला वाशीच्या क्लिनिकमधून परत बोलावलंय. तीन दिवस सकाळी थुंकी द्यायला."

एक्स-रेमध्ये डाग दिसला की असं करतात. तीन सकाळचे नमुने घेतात आणि आठ आठवडे वाट बघतात, जंतू वाढतात का ते. मी तिला बसवलं, पाणी दिलं.

"दोन दिवस जाऊन आले," ती म्हणाली. "घरी सांगितलंय, फॉर्ममध्ये काहीतरी करेक्शन आहे." मग म्हणाली, "मला सोळाव्या वर्षी झाला होता. सहा महिने गोळ्या घेतल्या, बरी झाले. बाबांनी सगळे कागद जाळले. म्हणाले, आता हे कुणाला बोलायचं नाही, नाहीतर तुला स्थळ येणार नाही. ह्यांना माहीत नाही. आईंना तर नाहीच."

"मग त्या दिवशी..."

"त्या दिवशी आई बाजूला बसल्या होत्या मॅडम," ती म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात, म्हणून जास्त लागलं. "तुम्ही मला एकटीला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

एका बाईला तिच्या सासूसमोर बसवून मी तिच्या छातीतलं गुपित विचारलं होतं, आणि ती खोटं बोलतेय हे दिसत असताना टिक मारली होती. माझं स्वतःचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या पाठीवरचा कोडाचा डाग माझ्या आईने असाच लपवला होता. महाडजवळच्या आमच्या वस्तीत तेव्हा प्रत्येक घराचं असं काहीतरी लपवलेलं असायचं. मला कळायला हवं होतं.

मी तिला सांगितलं, जुना, पूर्ण बरा झालेला टीबी आडवा येत नाही. पण आता उत्तर दुरुस्त करायला हवं. आणि अर्ज जयवंतच्या नावावर आहे, त्यामुळे फॉर्मवर सही त्याची लागणार.

"म्हणजे त्यांना सांगायचं."

"हो."

ती गेल्यावर मी भाटिया सरांच्या केबिनमध्ये गेले. सर ऑफिसचे मालक, माणूस वाईट नाही, पण रक्तदाब असलेला. दुरुस्त्या एक नाही, दोन म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

"शैला मॅडम, जाने दो ना. थुंकी क्लीन आली तर विषयच संपला. कशाला आपणच सांगायचं?"

"त्यांनी विचारलं होतं सर. आपण 'नाही' लिहिलं."

"त्यांनी सांगितलं ते आपण लिहिलं. आपली काय चूक?"

"माझी आहे. मी पत्रात तसं लिहिणार आहे, की आमच्या कर्मचाऱ्याने आरोग्याचे प्रश्न नातेवाइकांसमोर विचारले, त्यामुळे अर्जदाराच्या पत्नीला खरं सांगता आलं नाही."

"ऑफिसच्या लेटरहेडवर?"

"घरच्या वहीच्या कागदावर लिहिलं तर बरं दिसेल का सर?"

सर खूप वेळ गोळीची पट्टी शोधत राहिले. शेवटी म्हणाले, "इंग्लिश तरी नीट लिहा."

त्यानंतर तीन दिवस मनालीचा फोन नाही. मी जेवतानाही मोबाइल बघत होते. आमचे हे म्हणाले, "दुसऱ्यांचं चारित्र्य तपासून झालं, आता स्वतःचं तपासतेस वाटतं." मी त्या दिवशी भाजीत मीठ जास्त घातलं, मुद्दाम.

चौथ्या दिवशी दोघं आली. मनालीचे डोळे सुजलेले. जयवंतने आधी तिला खुर्ची दिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मॅडम, आजाराचं काय नाय. माझ्या बरोबरीच्या दोन पोरांना झालता तो आजार. पन ही तीन दिवस सकाळी उठून एकटी गेली वाशीला. मी घरात झोपलेलो. मना सांगितला असता तर गाडीवर सोडला नसता का?"

मनाली रडायला लागली. त्याने खिशातून रुमाल काढून दिला, इंजिन ऑइलचा डाग असलेला. तिने तोच घेतला. मी फॉर्म पुढे केला, त्याने सही केली. मग म्हणाला, "फक्त आयेला नको कलाया. ती मनाला लावून घेईल."

आता कागद हवे होते. हळदीचे कागद सोपे, बेलापूरच्या कोर्टातून निकालाची नक्कल निघाली. अवघड होता तो अनुवाद. आमचे अनुवादक काटेकोर गृहस्थ. त्यांनी त्या वाक्याचं जे इंग्रजी केलं त्यात जयवंत हा वाहनांना इजा करण्याच्या इराद्याने मादी नागाचं सोंग घेणारा भयंकर इसम वाटत होता. शेवटी मी सोबत एक पानभर स्पष्टीकरण लिहिलं. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या रात्री नवऱ्यामुलाला हळद लावतात, त्या वेळी नातेवाईक नाचतात, त्यातला एक प्रकार सापासारखा असतो, रुमाल ही पुंगी समजावी, यात साप कुणाला चावत नाही. हे लिहिताना माझा चेहरा पूर्ण गंभीर होता. केबिनमधून भाटिया सरांचं खोकल्यासारखं काहीतरी ऐकू येत होतं.

मनालीचे कागद मात्र जाळलेले. तिला एवढंच आठवत होतं, की मोऱ्याच्या एक सिस्टरबाई घरी येऊन समोर उभं राहून गोळी गिळायला लावायच्या. त्या रिटायर झाल्या असतील, पण सापडल्या तर दवाखान्याचं जुनं रजिस्टर तरी शोधता येईल. मला ऑफिसच्या वतीने सोबत जाणं भाग होतं. नियम तसा नव्हता, पण माझी चूक होती.

रविवारी जयवंतच्या मित्राची गाडी ठरली. पार्वतीबायला सांगितलं, मॅडमना ताजी कोलंबी हवीय, मोऱ्याला जातोय. मी कोलंबीला हात लावत नाही, अंगावर पित्त उठतं. गाडीशी पोचले तर पार्वतीबाय गजरा माळून पुढच्या सीटवर बसलेली.

"कोलंबी बघून घ्याला लागते गं बाय," ती मला म्हणाली. "तुना फसवतील."

मागे आम्ही तिघं. जयवंत मला डोळ्यांनी विचारत होता, आता? मी खिडकीबाहेर बघत होते. उरण जवळ आल्यावर पार्वतीबायने मला कोलंबीची कढी कशी करतेस ते विचारलं. मी जे सांगितलं त्यात चिंच, दही आणि आमसूल तिन्ही होतं. तिने मागे वळून माझ्याकडे नीट पाहिलं.

मोऱ्याच्या वस्तीत शिरलो. मित्राने विचारलं, "जेट्टीवर घेऊ?"

आमच्या आधी पार्वतीबाय म्हणाली, "जेट्टीवर काय हाय? उजव्या हाताला वल. सिस्टरबाईचं घर त्या हिरीच्या मागं हाय."

मित्राने ब्रेकच दाबला.

"आई, तुम्हाला..." मनाली पुढे झुकली.

पार्वतीबाय मागे वळलीच नाही. समोरच्या काचेकडे बघत सांगू लागली. "सोयरीक जमवाची व्हती तवा मी आलेली हितं. पोरीची चौकशी नको कराला? एक बाय बोलली, पोरीला छातीचा आजार झालता. मंग मी सिस्टरबाईला गाठली. एकच इचारला, गोल्या पुऱ्या खाल्ल्या का? ती बोलली, सा महिनं एक दिस पन चुकली नाय. मी बोलले, जी पोर सा महिनं एक गोली चुकवत नाय, ती माझ्या येड्याचा संसार बी करील. घरी जाऊन सुपारी फोडली."

"मग आये, त्या दिवशी मॅडमसमोर तू बोललीस आमच्या घरान नाय म्हनून?" जयवंत म्हणाला.

"आमच्या घरान नायच झाला. तिच्या बापाच्या घरान झालता."

"आणि मला कधी बोलला नाहीत, आई. आठ वर्षं."

आता ती वळली. "तू बोललीस? तुझी गोष्ट हाय. तू सांगशील तवा सांगशील. मी कशाला मधी तोंड घालू?"

मनालीने पुढच्या सीटच्या पाठीवर डोकं टेकलं. पार्वतीबायने हात मागे नेऊन तिच्या केसांवर ठेवला, आणि मित्राला म्हणाली, "उभा काय ऱ्हायलास? गाडी घे."

सिस्टरबाई घरीच होत्या. सत्तरीच्या, चष्मा जाड. मनालीला त्यांनी नावाने ओळखलं. पार्वतीबायला बघून जरा वरमल्या. "तेव्हा मी तुम्हाला असं सांगायला नको होतं," त्या म्हणाल्या. "पेशंटची गोष्ट बाहेर सांगायची नसते. इतकी वर्षं मनाला खात होतं." मी त्यांचा हात धरला. माझ्या मनाला काय खात होतं ते मी त्यांना सांगितलं. मग त्यांनी सरकारी दवाखान्यातल्या आताच्या सिस्टरना फोन लावला. पुढच्या आठवड्यात जुन्या रजिस्टरमध्ये नोंद सापडली. नाव, वय, औषध सुरू केल्याची तारीख, आणि शेवटच्या रकान्यात 'उपचार पूर्ण'. सही-शिक्क्याचा दाखला मिळाला. येताना पार्वतीबायने जेट्टीवरून कोलंबी घेतली आणि माझ्या पिशवीत कोंबली. ती शेजारणीला द्यावी लागली.

सगळं पाठवलं. दुरुस्तीचा फॉर्म, माझं पत्र, रजिस्टरचा दाखला, हळद, नाग, सगळं. त्यानंतर मी ऑफिसमध्ये नियम केला. तब्येतीचे आणि चारित्र्याचे प्रश्न प्रत्येकाला एकेकट्याला विचारायचे, बाकीच्यांनी तेवढा वेळ खाली जाऊन चहा प्यायचा. नवरे चिडायचे, सासरे चिडायचे. आणि दार लावल्यावर माणसं काय काय सांगायची! त्यातलं काहीही इथे लिहिणार नाही.

आठ आठवड्यांनी थुंकीत काही वाढलं नाही असा रिपोर्ट गेला. आणखी दोन महिन्यांनी व्हिसा आला. हळदीबद्दल त्यांनी एक अक्षरही विचारलं नाही. मला थोडं वाईटच वाटलं, एवढं मेहनतीने लिहिलं होतं.

जयवंत आधी एकटा गेला. काम सुरू झालं, एका म्हातारीच्या घराचा मागचा भाग भाड्याने घेतला, आता मनाली आणि मुलीने जायचं. तिकिटं काढायची वेळ आली आणि पार्वतीबाय माझ्या ऑफिसात हजर. एकटीच, गजरा माळून.

"बाय, तुमी आमचा सगला तपासला. छाती तपासली, रगत तपासला, पोलीस दारात आनला. बरोबर हाय, त्यांचा देश हाय. पन माझी नात ज्या घरान ऱ्हानार ती बाई कशी हाय, त्ये कोन तपासनार?"

यासाठी माझ्याकडे कुठलाही फॉर्म नव्हता. मी भाटिया सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मॅडम, कॉन्फरन्स रूम घ्या."

जयवंतला फोन लावला, त्याने घरमालकिणीला कॅमेऱ्यासमोर आणून बसवलं. हेलन नावाची बाई, पंच्याहत्तरीची, पांढरे आखूड केस, गुडघ्यावर मांजर. मी मधे बसून दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे पोचवत होते. पार्वतीबायने घरात कोण कोण असतं ते विचारलं. एकटीच, नवरा वारला, मुलगा लांब. दारू? नाताळाला एक ग्लास. तब्येत? दोन्ही गुडघे बदललेत. पार्वतीबायने मान हलवली, गुडघ्यांबद्दल तिला सहानुभूती होती. मग स्वयंपाकघर दाखवायला सांगितलं. हेलनबाईने काठी घेतली आणि फोन धरून सगळं दाखवलं, फ्रीजसुद्धा उघडून. मला शरमेने कुठे बघावं कळेना, पण त्या दोघींना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

शेवटी पार्वतीबाय खुर्चीच्या कडेला सरकून बसली.

"तिला इचार, माझा पोरगा पहाटं कामावर जानार. घरात ही दोघीच. सकाली दार उघडला नाय, आवाज नाय आला, तर तू किती वाजता जाऊन दार वाजवशील?"

मी विचारलं. हेलनबाई हसली नाही. मांजराच्या पाठीवरचा हात थांबवून तिने विचार केला आणि म्हणाली, आठ वाजता.

मी सांगितलं, "आठ वाजता म्हणतात."

पार्वतीबायने जरा वेळ पडद्यावरच्या त्या बाईकडे टक लावून पाहिलं.

"सात सांग तिला," ती म्हणाली.

मी सांगितलं. हेलनबाईने मान डोलावली आणि उठून भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनने काहीतरी लिहिलं. पार्वतीबाय खुर्चीतून उठली, पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "काढा तिकिटं."